थंडीत ट्रकचा स्प्रिंगच्या चिन्हाचा पिवळा दिवा उशिरा विझणे हा बिघाड आहे का?
ग्वाल्हेरच्या जानेवारीतील पहाटे चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद जास्त जळत राहिला, तर तो बिघाड नव्हे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते, म्हणून आत येणारी हवा फार गार असल्यास इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) हीटर ती आधी तापवतो आणि तोवर थांबावे, एवढेच हा दिवा सांगतो. मोठ्या इंजिनाचा हीटर 100 अँपिअरहून अधिक करंट ओढू शकतो, आणि इंजिन सुरू झाल्यावरही तो काही वेळ मधूनमधून चालतो, त्यामुळे तेव्हा हेडलाइट मंदावतात. दिवा विझूनही इंजिन पकडत नसेल, पांढरा धूर येत असेल, तर बॅटरीचे टर्मिनल आणि हीटरचा रिले (त्याला करंट जोडणारा स्विच) आधी तपासून घ्यावा. मात्र अशा इंजिनात ईथरचा (गार इंजिन सुरू करायला वापरतात त्या ज्वलनशील द्रवाचा) स्प्रे कृपया कदापि मारू नका. तापलेल्या हीटरवर त्याचा स्फोट होऊ शकतो.