खडी काढा, गारव्याचं बघा

प्रश्न : लेकीनं दोन ॲक्सोलॉटल (पाण्यातच राहणारे, शेपटीवाले उभयचर प्राणी) आणलेत. टाकीतल्या खडीतली घाण निघतच नाही. काय करू? – एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, खडी आजच काढा. हा प्राणी घास पाण्यासकट ओढतो. खडा आतड्यात अडकला तर जीव जातो. तळ उघड्या काचेचाच ठेवा. विष्ठा लगेच दिसते, लांब पिचकारीनं रोज दोन मिनिटांत उचलता येते. लपायला गुळगुळीत कडांचं मडकं आडवं ठेवा. आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदला, क्लोरीन घालवूनच.

मला खरी काळजी उन्हाळ्याची वाटते. मेक्सिकोच्या सोचिमिल्कोतला हा जीव १६ ते १८ अंशांत रमतो, २४ च्या वर खंगतो. परभणीत मी टाकीवर पंखा लावून पाहिला; दोन-तीन अंशच उतरले. मे महिन्याआधी चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार करणारं यंत्र, घ्याच.