भिंतीवरचे अवॉर्ड बघून वकील धरताय? जरा थांबा की

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचीच फाईल डोळ्यासमोर आली. तुमचा खानापूरकडच्या जमिनीचा वाटणीचा दावा, बेळगावात एक ऑफिस बघून आलाय, भिंतभर ट्रॉफ्या आणि 'बेस्ट अ‍ॅडव्होकेट'च्या पाट्या, तर एवढा नावाजलेला वकील घ्यावा का. वकीलपत्र, उतारे वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

कायद्यानं वकिलाला मिळणारा मान म्हणजे 'सीनियर अ‍ॅडव्होकेट', अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ चं कलम १६, आणि तो हायकोर्ट नाहीतर सुप्रीम कोर्टच देतं. ट्रॉफी काय, कोणीही देतंय. बरं, सीनियर झालेला माणूस स्वतः वकीलपत्र घालू शकत नाही, पक्षकाराकडून थेट केस घेत नाही, सोबत दुसरा वकील लागतोच, म्हणजे फी दोघांची. तालुक्याच्या दाव्याला ते कशाला? पुढं मॅटर हायकोर्टाच्या धारवाड बेंचला गेलं आणि कायद्याचा मुद्दा अडला तर बघा. आणि बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था) नियम ३६ प्रमाणं वकिलाला जाहिरात करताच येत नाही, पाटीवर 'अमुक केसेसचा स्पेशालिस्ट' असंही लिहायचं नसतं, तरी रील्स चालूच आहेत.

आता आमचं. ऑफिसचं नाव घेत नाही. मोठे साहेब पहिल्या दिवशी दिसले तेवढेच, मग दर तारखेला नवीन ज्युनिअर, त्याला वादी कोण प्रतिवादी कोण तेही माहीत नाही. आम्हाला सांगितलेलं, तुम्ही यायची गरज नाही. एका तारखेला त्यांच्याकडून कोणीच गेलं नाही, समोरची पार्टी हजर, दावा गैरहजेरीत काढून टाकला, आणि आम्ही फोन केला की उत्तर एकच, "तारीख पडलीय." दावा परत बोर्डावर घ्यायचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो, ते दिवस असेच गेले, मग उशीर माफीचा वेगळा अर्ज, वेगळा खर्च. वर फाईल मागितली तर बाकी फी ठेवा म्हणे! फीसाठी वकील फाईल अडवून ठेवू शकत नाही, सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलंय, पण जुन्या वकिलाच्या एनओसीशिवाय (ना-हरकत) नवीन वकील हात लावायला तयार नाही, शेवटी कोर्टातून नकला काढल्या. ग्राहक कोर्टात खेचतो म्हणालो तर कळलं, सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या निकालानंतर वकिलाविरुद्ध तिथं जाता येत नाही. तक्रार करायची ती अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली, राज्य बार कौन्सिलकडं.

म्हणून माझं मत, मी वकील नाही, चुकत असेन तर जाणकारांनी सांगा, पण ट्रॉफी बघण्यापेक्षा सनद नंबर (वकिलीच्या नोंदणीचा नंबर) विचारा आणि तारखेला नक्की कोण उभं राहणार ते तोंडावर विचारा. उत्तर गुळमुळीत आलं की उठा. पैशाची पावती घ्या. सीएनआर नंबर, म्हणजे केसचा स्वतःचा वेगळा नंबर, पहिल्याच दिवशी मागा, ई-कोर्ट्स अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख आणि केस कुठवर आलीय ते दिसतं. ऑर्डर कन्नडमध्ये असली तर घरातल्या शाळेच्या पोराकडून वाचून घ्या, आमच्याकडं भाचीच वाचते. कन्नड अफिडेव्हिटवर मराठीत समजून घेतल्याशिवाय सही नको, वकील कितीही घाई करू दे.

आणि हो, दावा आईच्या नावानं घालणार असाल तर आधी तालुका कायदा सेवा समितीत जाऊन या, बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.