मशीन जागचं हलत नाही, मिस्त्री कुठून आणायचा?

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचं गाऱ्हाणं एकच आहे. लाकूडकामाचं मशीन टनाच्या घरातलं, उचलून वर्कशॉपला नेणं परवडत नाही आणि जागेवर येऊन दुरुस्त करणारा सापडत नाही. माझं मत आधीच सांगतो. ‘लाकडाच्या मशीनचा मेकॅनिक’ असा शोध घेतला की फारसं कुणी हाती लागत नाही, कारण त्या नावाची माणसं आपल्याकडे मोजकीच. बिघाड बेअरिंगचा, विजेचा, गिअरचा की इलेक्ट्रॉनिक्सचा ते ठरवा आणि त्या कामाचा माणूस आणा. त्याने जन्मात रंधा मशीन पाहिलेलं नसलं तरी बहुधा चालतं.

प्रश्न (कुडाळ): आमच्या सॉ मिलमधला ४८ इंची ट्रॉली बँडसॉ महिनाभर थरथरतोय, खालच्या पुलीचं बेअरिंग तापतं. बनवणारे पंजाबातले, ते एवढ्या लांब यायला तयार नाहीत. मशीन सोडवून कोल्हापूरला न्यावं का?

नेऊ नका. ट्रॉली बँडसॉ एकदा उखडला की फाउंडेशन, रूळ आणि दोन्ही पुल्यांची जुळलेली रेषा जाते. ती परत आणण्यात दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे जातात. शिवाय सॉ मिलच्या परवान्यात जागा नोंदलेली असते, मशीन दुसरीकडे बसवून चालवायचं तर वन विभागाची परवानगी लागते. नुसती पुली काढून लेथवर नेण्याला मात्र काही आडकाठी नाही.

फोन फिरवण्याआधी दोष कुठे आहे ते हुडका. पट्टे उतरवून नुसती मोटर चालवा. थरथर तशीच राहिली तर मोटरचं बेअरिंग, मोटरची पुली किंवा ढिला पडलेला फाउंडेशन बोल्ट. मोटर शांत असेल तर पट्टे चढवा, पातं मात्र उतरलेलंच ठेवा आणि मशीनचे दरवाजे लावून चालवा. आता फक्त खालची पुली फिरते. इथे थरथर आली तर खालची पुली, तिचा शाफ्ट किंवा तेच तापणारं बेअरिंग. हेही ठीक निघालं तर गुन्हेगार वरची पुली किंवा पातं. पात्याचा सांधा बिघडला असेल तर ठोका ऐकू येतो, पण पुलीच्या प्रत्येक फेऱ्याला नाही. पातं पुलीच्या घेरापेक्षा बरंच लांब, त्यामुळे साधारण दोन फेऱ्यांमागे एक ठोका पडतो. स्विच बंद केल्यावर वेग उतरत असताना कान द्या, तेव्हा तो मोजता येतो.

बेअरिंग तापलं की लोक ग्रीस मारत सुटतात. हाउसिंग ठासून भरलं की ग्रीस घुसळलं जातं आणि ताप वाढतोच. आतल्या मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मा, एवढंच पुरे. अलीकडे कुणी गन भरभरून ग्रीस मारलं होतं का, हे आधी कामगारांना विचारा.

आता माणूस. बेअरिंग किंवा शाफ्टचं काम असेल तर तुमच्या भागातल्या खडी क्रशरवर जा. क्रशरचा फिटर तुमच्यापेक्षा मोठी बेअरिंगं धुळीत बसून बदलतो. तो चांगला की नुसता हातोडेवाला, हे एका प्रश्नात कळतं. ‘टेपर स्लीव्हचं (शाफ्टवर निमुळत्या बाहीने आवळलेलं) बेअरिंग आहे, काय काय आणाल?’ असं विचारा. फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) नाव त्याच्या तोंडून आपणहून आलं तर बोलवा. स्लीव्ह आवळताना आतली फट मोजावी लागते हे ज्याला ठाऊक नाही, त्याने बसवलेलं नवं बेअरिंग महिन्याभरात पुन्हा तापेल.

पुलीची कड झिजली असेल, पातं पुढेमागे सरकत असेल, तर ती मोठ्या लेथचं काम. त्यासाठी कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आहेच. काही जण मशीनवरच पुली फिरवत ठेवून ग्राइंडरने कड घासून देतात. हे काम नीट झालं तर उत्तम, कारण पुली स्वतःच्याच बेअरिंगवर फिरत असताना घासली जाते. असा माणूस कुठे आहे, हे पात्यांना धार लावणाऱ्याला विचारा. तो दहा मिलचं काम पाहतो, कुणाचं मशीन कुणी बरं केलं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. दुसरी जागा म्हणजे बेअरिंगच्या दुकानाचं काउंटर. आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी सॉ मिल कच्छी पटेलांच्या आहेत; शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या पटेलांना फोन लावा, त्यांच्या आपसातल्या ओळखीतून दुपारपर्यंत नाव मिळेल.

प्रश्न (लातूर): सर्फेसरची (रंधा मशीनची) ५ एचपीची मोटर गुणगुणते, फिरत नाही. टेस्टर तिन्ही तारांवर पेटतो. वायंडिंगवाला म्हणतो मोटर काढून द्या.

आधी स्विच बंद करा आणि तो बंदच ठेवा, गुणगुणत ठेवलेली मोटर काही मिनिटांत जळते. ही लक्षणं एक फेज गेल्याची आहेत. टेस्टरवर विसंबू नका. मेलेल्या तारेत मोटरच्या वायंडिंगमधून उलटा दाब येतो आणि टेस्टर तिथेही पेटतो. वायरमनला बोलवा, मल्टिमीटरने फेज ते फेज मोजायला सांगा. तिन्ही जोड्यांत ४१५ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. एखाद्या जोडीत फार कमी आला तर फ्यूज, स्टार्टरचे जळके पॉइंट नाहीतर बाहेरचा पुरवठा. हे सगळं धड निघालं तरच मोटर सोडवा. आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) बसवून घ्या, मोटर परत भरण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

प्रश्न (नागपूर): वडिलांनी लिलावात घेतलेला जुना विलायती थिकनेस प्लेनर (फळी एकसारख्या जाडीची रंधणारं मशीन) आहे. फीड रोलरच्या गिअरचे दात गेले. कंपनी केव्हाच बंद झाली. भंगारात द्यावा का?

मुळीच नाही. असं ओतीव लोखंड आता त्या पैशात मिळत नाही. कंपनी बंद झाली याचंही फार वाटून घेऊ नका. अशा मशीनमध्ये कंपनीच बनवू शकेल असं फारसं काही नसतं. बेअरिंगवर नंबर असतो, पट्ट्यावर असतो, उरलेलं सगळं टर्नर आणि गिअर कापणारा करतो.

गिअर देण्याआधी एक हिशेब घरी करा. दात मोजा (तुटलेलेही धरा) आणि बाहेरचा व्यास घ्या. विलायती जुन्या मशीनची मापं बहुधा इंचात असतात. दातांच्या संख्येत २ मिळवा आणि इंचातल्या व्यासाने भागा. ३० दात आणि ४ इंच व्यास असेल तर ३२ भागिले ४, म्हणजे ८. असा पूर्ण आकडा आला की गिअर डायमेट्रल पिचचा, म्हणजे इंची मापाचा. तोच हिशेब मिलिमीटरमध्ये उलटा केला, १०१.६ भागिले ३२, तर ३.१७५ असं अडनिडं मॉड्यूल (दातांचं मेट्रिक माप) येतं. नमुना पाहून ‘तीनचं मॉड्यूल बसेल’ म्हणणारा दुकानदार तुम्हाला जोडीदार गिअरचेही दात घालवून देईल. हा साधा नियम सरळ दातांच्या गिअरपुरता, तिरप्या दातांना लावू नका. आणि जोडीतलं दुसरं गिअर झिजलेलं असेल तर दोन्ही एकदम करून घ्या.

बोल्टचंही तेच. जुना विलायती आटा व्हिटवर्थचा, ५५ अंशांचा. आजचा मेट्रिक ६० अंशांचा. मेट्रिक बोल्ट दोन-तीन वेढे आत जातो, मग अडतो, मग कुणीतरी पाना लांब करून जोर लावतो. ओतीव लोखंडाचा आटा असाच जातो.

जागेवर येऊन हे उघडणारा माणूस नागपुरात तुम्हाला मिळेल. अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून किंवा रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर शोधा. इंची मापांच्या मशीनवर हात बसलेला कुणीतरी त्यांत निघतोच. तरुण मुलं वाईट नसतात, पण मायक्रोमीटरवरचे थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाचणारी पिढी आता साठीच्या पुढे आहे. त्यांच्यासोबत एक हाताशी मुलगा द्या, वजन उचलायला आणि जमलं तर शिकायलाही.

बेअरिंगचा नंबर वाचायची एक युक्ती: शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतला व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो, ६२०५ म्हणजे २५. हे ०४ पासून पुढे लागू. जुन्या इंची बेअरिंगांना मात्र नाही. तिथे कॅलिपर लावूनच दुकानात जा.

प्रश्न (पुणे): मॉड्युलर किचनचा कारखाना आहे. सीएनसी राउटरवर व्हीएफडी (स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) ओव्हरकरंट दाखवते, स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) सुरू होताच बंद पडतो. मशीन चिनी बनावटीचं, विक्रेता ‘आठवड्याने इंजिनिअर पाठवतो’ म्हणतो. भोसरीतल्या कुणाकडून उघडून घेऊ का?

ड्राइव्ह भोसरीत दाखवता येईल, स्पिंडल नाही. बिघाड दोघांपैकी कशात आहे, ते आधी ठरवू. तुमच्या इलेक्ट्रिशियनने मेन स्विच बंद करून व्हीएफडीतले कॅपॅसिटर उतरेपर्यंत थांबावं. किती मिनिटं ते ड्राइव्हवरच लिहिलेलं असतं, आणि तरीही हात लावण्याआधी मीटरने खात्री करावी. मग स्पिंडलकडे जाणाऱ्या तारा ड्राइव्हवरून सोडवून, टोकं नीट झाकून, ड्राइव्ह मोकळा चालवावा. तरीही ओव्हरकरंट आला तर ड्राइव्ह गेला. आला नाही तर केबल किंवा स्पिंडल. स्पिंडलचं इन्सुलेशन मेगरने (जास्त दाब देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासताना या तारा सुटलेल्याच असू द्या. जोडलेल्या ड्राइव्हवर मेगर लावला की एका बिघाडाचे दोन होतात. पावसाळ्यात पाण्याने थंड होणाऱ्या स्पिंडलमध्ये दमट हवेनेही इन्सुलेशन उतरतं.

ड्राइव्ह बदलणं सोपं, मात्र जुन्यातले पॅरामीटर मोबाइलवर टिपून घ्या: कमाल फ्रिक्वेन्सी, मोटरचा करंट, वेग वाढण्याचा वेळ. ३०० किंवा ४०० हर्ट्झच्या स्पिंडलला नवा ड्राइव्ह कारखान्यातून आलेल्या ५० हर्ट्झच्या सेटिंगवर जोडून चालवला तर स्पिंडल जळतो. हे सगळं चालू मशीनवरच टिपून ठेवायचं असतं, कंट्रोलरच्या फाइलींसकट. नवं मशीन घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

स्पिंडल मात्र शेडमध्ये उघडू देऊ नका, कुणी कितीही ओळखीचा असो. मिनिटाला १८ ते २४ हजार फेरे मारणाऱ्या बेअरिंगांना भुशाचा एक कण पुरतो आणि नंतर बॅलन्सिंगही लागतं. तो काढून स्पिंडल दुरुस्त करणाऱ्यांकडे पाठवायचा आणि जागेवर फक्त काढण्या-बसवण्याचं काम करून घ्यायचं. रोजचं उत्पादन या एका मशीनवर असेल तर एक जादा स्पिंडल कपाटात ठेवा.

युरोपियन मशीन असतं तर सल्ला वेगळा दिला असता. होमाग, बिएसे, एससीएम या कंपन्यांची भारतातली मुख्य ठिकाणं बेंगळुरूत. तिथून निम्मा बिघाड फोनवरच कळतो, फक्त नेमप्लेटचा फोटो, अलार्मचा नंबर आणि ‘बंद पडण्याआधी काय चालू होतं’ हे एका वाक्यात सांगा. ‘मशीन चालत नाही, लवकर या’ एवढ्यावर कुणी विमानाचं तिकीट काढत नाही.

प्रश्न (नाशिक): बाहेरून येणारा मेकॅनिक पैसे कसे लावतो? दर वेळी शेवटी भांडण होतं.

कारण सुरुवातीला बोलणं होत नाही. व्हिजिट चार्ज, कामाचा तासाचा किंवा दिवसाचा दर, प्रवास, राहणं-जेवण आणि सुटे भाग असे पाच आकडे वेगवेगळे विचारा आणि व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. येऊन दुरुस्त झालंच नाही तर किती द्यायचे, हे हमखास राहून जातं. माझ्या मते व्हिजिट आणि प्रवास पूर्ण द्यावा, बिघाड शोधणं हेही कामच आहे. जीएसटीचं बिल देणारा असेल तर १८ टक्के वर येतील, नोंदणी असल्यास तुम्हाला ते परतही घेता येतील. जुने काढलेले भाग तुमच्याकडेच ठेवायचे, हेही आधीच ठरवा.

वार्षिक करार घ्यायचा असेल तर त्यात सुटे भाग धरलेत का आणि बोलावल्यापासून किती तासांत माणूस यायचा, हे दोन मुद्दे वाचा. यांपैकी दुसरा लिहिलेला नसेल तर करार न केलेला बरा.

प्रश्न (म्हापसा): मी एकटाच सुतारकाम करतो. वॉरंटीतला पॅनेल सॉ विक्रेता दुरुस्त करत नाही. ग्राहक आयोगात जाता येतं का? मित्र म्हणतो धंद्याच्या वस्तूला चालत नाही.

मित्राचं अर्धं बरोबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूने घेतलेली वस्तू बसत नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली असेल तर बसते. तुमचं म्हणणं तिथे मांडता येईल. मोठा कारखाना असता तर अवघड होतं. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विक्रेता कुठलाही असो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तोपर्यंत प्रत्येक फोननंतर एक ईमेल टाकत चला. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, पुष्कळदा तेवढ्यानेच माणूस येतो.

प्रश्न (सांगली): मिस्त्री येण्याआधी आम्ही काय तयार ठेवावं?

मशीनभोवती चारी बाजूंनी माणूस फिरेल एवढी जागा आणि भुसा झाडलेला. त्याचा निम्मा दिवस सामान हलवण्यात गेला तरी दर तोच लागतो. चेन पुली ब्लॉक टांगायला मजबूत तुळई, नाहीतर हायड्रा क्रेनची वेळ आधीच ठरवलेली. पातं, कटर काढून ठेवलेले. मेन स्विचला कुलूप आणि किल्ली मिस्त्रीच्या खिशात, मालकाच्या नाही. शेवटची चाचणी बिघडल्या दिवशी चालू असलेल्या लाकडावरच घ्यायची, म्हणून तसलाच ओंडका किंवा फळी बाजूला काढून ठेवा.