मुळाचा माग : हॅमरमन म्हणजे नक्की कोण?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी सदरला राहते, सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. माझ्या आईचे आजोबा स्कॉटलंडहून आलेले. बेंगाल-नागपूर रेल्वेत होते आणि त्यांनी लग्न इथल्याच मराठी ख्रिस्ती मुलीशी केलं. आईचं जुनं बायबल माझ्याकडे आहे. त्याच्या पहिल्या पानावर त्यांचा जन्म ‘डंडी, 1858’ असा लिहिलाय आणि पुढे ‘वडील : हॅमरमन’ एवढंच. मागच्या कोऱ्या पानावर शाईनं हातोडा काढलाय आणि हातोड्यावर मुकुट आहे. घरात सगळे म्हणतात, आपण राजघराण्यातले, म्हणून मुकुट. माझा मुलगा हसतो. खरं काय ते कसं शोधू? आडनाव कृपया छापू नका.

उत्तर : आडनाव छापत नाही, आणि मुलाला म्हणावं जरा थांब. मुकुट खोटा नाही, फक्त तो राजाचा नाही.

तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा माझ्या वडिलांना आठवलं. ते मोतीबागेच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते आणि त्यांच्या सर्व्हिस शीटवर हुद्दा लिहिलेला होता ‘हॅमरमन’. लहानपणी मला वाटायचं, हा कोणीतरी मोठा अधिकारी असणार. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, “घन उचलते तो हॅमरमन, अन् कुठी मारा हे सांगते तो मिस्त्री.” झालं. लोहार एका हातात सांडशी धरून तापलेलं लोखंड ऐरणीवर फिरवतो, दुसऱ्या हातातल्या छोट्या हातोडीनं जागा दाखवतो, आणि समोर उभा राहून मोठा घण घालतो तो हॅमरमन. पुढे मी त्याच रेल्वेच्या रेकॉर्ड रूममध्ये बत्तीस वर्षं काढली. असे शेकडो हॅमरमन माझ्या हाताखालून गेले, कागदावरचे.

पण डंडीत हाच शब्द दोन अर्थांनी चालत होता, आणि तुमचा सगळा शोध या दोन अर्थांच्या फटीत अडकलाय.

जुना अर्थ असा. स्कॉटलंडच्या शहरांत एकेका धंद्याची नोंदलेली मंडळी होती. आपल्याकडच्या श्रेणी किंवा बारा बलुत्यांसारखं म्हटलं तर थोडं जवळ जातं, पण इथे जातीचा प्रश्न नव्हता, परवान्याचा होता. डंडीत अशा नऊ मंडळ्या : पाववाले, चांभार, हातमोजे करणारे, शिंपी, टोप्या विणणारे, खाटीक, हॅमरमन, विणकर आणि रंगारी. यातल्या हॅमरमनांत लोहार तर होतेच, पण हातोडी चालवणारे बाकीचेही याच छत्राखाली यायचे. खोगीर करणारा हॅमरमन, कथलाची भांडी करणारा हॅमरमन, घड्याळजीसुद्धा हॅमरमन! म्हणजे 1750 साली कोणी ‘हॅमरमन, डंडी’ लिहिलं असेल, तर तो दिवसभर भिंग लावून घड्याळाची चाकं बसवत असण्याची शक्यता आहे. घणाला त्यानं कधी हातही लावला नसेल.

मग 1846 साली पार्लमेंटनं कायदा करून या मंडळ्यांची मक्तेदारी काढून घेतली. तोवर मंडळीचा सदस्य झाल्याशिवाय शहरात तो धंदा करता येत नसे. त्यानंतर कोणीही करावा. मंडळ्या राहिल्या, पण दरारा गेला. त्याच सुमारास डंडीत जहाजांचे कारखाने, ओतशाळा आणि तागाच्या गिरण्यांची यंत्रं घडवणाऱ्या भट्ट्या वाढत होत्या. तिथे ‘हॅमरमन’ म्हणजे माझ्या वडिलांसारखा, घण घालणारा. तुमच्या पणजोबांचा जन्म 1858 चा, म्हणजे त्यांच्या वडिलांचं ‘हॅमरमन’ बहुतेक या दुसऱ्या अर्थाचं. राजवाड्यात नाही, भट्टीपुढे शोधायचं.

आता मुकुट. मुकुटाखाली हातोडा हे हॅमरमन मंडळीचं चिन्ह आहे. डंडीच्या मधोमध हाउफ नावाची जुनी दफनभूमी आहे. ती जागा 1564 साली स्कॉटलंडच्या मेरी राणीनं शहराला दिली. ‘हाउफ’ म्हणजे भेटायची जागा, कारण नऊ मंडळ्यांच्या बैठकाही तिथेच थडग्यांमध्ये भरत. त्या दगडांवर धंद्याच्या खुणा कोरल्यात : शिंप्याची कात्री, विणकराचा धोटा, आणि हॅमरमनाचा मुकुटधारी हातोडा. आपल्या सतीशिळा-वीरगळांवर कसं चिन्हावरून कळतं, तसंच. तेव्हा ते चित्र काढणाऱ्यानं एक तर आजोबांची मंडळी आठवून काढलं असेल, नाहीतर लहानपणी हाउफमध्ये खेळताना पाहिलेला दगड. नुसत्या चित्रावर मी पैज लावणार नाही. पण कोणी तरी मागच्या पिढीत मंडळीचा सदस्य असावा एवढा संशय घ्यायला ते पुरेसं आहे.

शोध मात्र स्कॉटलंडपासून सुरू करू नका. नागपूरपासून करा. माणूस जिथे मेला तिथून मागे जायचं, हा रेकॉर्ड रूमचा पहिला धडा. लग्न इथे झालंय. चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत वराच्या वडिलांचं नाव असतं, आणि ते नाव हातात आल्याशिवाय डंडीच्या पुस्तकांत शिरलात तर त्याच नावाचे वीस जण भेटतील. इथल्या चर्चच्या रजिस्टरची प्रत तेव्हा लंडनला जात असे. त्या प्रती ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस विभागात तीन गठ्ठ्यांत आहेत : बंगाल, मद्रास, मुंबई. आपल्या लोकांची इथे हमखास चूक होते. नागपूर महाराष्ट्रात म्हणून ते मुंबईचा गठ्ठा उघडतात! अहो, तेव्हा आपण मध्य प्रांतात होतो, मुंबईशी आपला काय संबंध? कामठीची छावणी तर मद्रास लष्कराची, म्हणून तिथले जुने बाप्तिस्मे मद्रासच्या गठ्ठ्यात निघतात. तुमचं प्रकरण रेल्वेच्या काळातलं, 1887 नंतरचं, म्हणून आधी बंगाल बघा, मग मद्रास. ‘फॅमिलीसर्च’वर यातल्या बऱ्याच नोंदींची सूची फुकट शोधता येते. ‘फिबिस’ म्हणजे ब्रिटिश काळातल्या हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा अभ्यास करणारी संस्था, तिचीही सूची आहे.

वडिलांचं नाव मिळालं की ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर जा. नोंदीचं पान बघायला थोडे पैसे पडतात, म्हणून घाई करू नका, आधी सूचीत नीट गाळा. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी 1 जानेवारी 1855 ला सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी कारकुनांना इतकं लिहायला लावलं की आईबापांचं वय, त्यांचं जन्मगाव, लग्नाची तारीख, आधीची मुलं किती, सगळं दाखल्यात! कारकून कंटाळले असणार, मी कारकून होते म्हणून सांगते. 1856 पासून लग्नाचा तपशील गेला आणि तो 1861 ला परत आला. तुमचे पणजोबा नेमके मधल्या 1858 चे. नशीब म्हणायचं. तरी दाखल्यात आईचं माहेरचं आडनाव आणि वडिलांचा धंदा मिळेल.

पुढची पायरी वडिलांचा मृत्यूचा दाखला. स्कॉटलंडमधल्या मृत्यूच्या दाखल्यात मेलेल्याच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. आपल्याकडे बाई सासरी आली की माहेरचं नाव कागदावरून पुसलं जातं. तिकडच्या बायकांची माहेरची आडनावं कागदावर मरेपर्यंत टिकली, म्हणून तिकडे आजी-पणजीपर्यंत जाता येतं. पणजोबांच्या नावात मधलं नाव आडनावासारखं वाटतं का, तेही बघा. स्कॉट लोकांत आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव मुलाच्या मधल्या नावात ठेवायची रीत होती. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, हेही बऱ्याच घरांत पाळत. नातवाला आजोबांचं नाव ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजवायला नको.

1855 च्या मागे जायचं तर चर्चची जुनी पॅरिश रजिस्टरं. त्यांत जन्मापेक्षा बाप्तिस्मा, लग्नापेक्षा लग्नाची जाहीर घोषणा जास्त सापडते, आणि दफन क्वचित. 1783 ते 1794 या काळात सरकारनं प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला होता, त्यामुळे पुष्कळ लोकांनी नोंदच केली नाही. तिथे पान कोरं दिसलं तर घराणं बुडालं असं समजू नका, पैसे वाचवले असं समजा.

आणि आता माझी आवडती वही. डंडीच्या नागरिकत्वाचं बाड ‘लॉकिट बुक’, म्हणजे कुलूपवाली वही. 1513 पासूनच्या नोंदी त्यात आहेत. धंदा करायचा तर शहराचा नोंदलेला नागरिक, ‘बर्जेस’, व्हायला लागे. ते होण्याचे रस्ते ठरलेले : बाप बर्जेस असेल तर, उमेदवारी पुरी केली असेल तर, किंवा बर्जेसची मुलगी केली असेल तर. परक्याला फी जास्त, मुलाला आणि जावयाला कमी. सवलत मिळवायची म्हणून माणूस स्वतःच नातं लिहून देई : ‘अमक्याचा मुलगा’, ‘अमक्याच्या मुलीचा नवरा’. मला याचं नवल वाटलं नाही. आमच्याकडे रेल्वेच्या पासासाठी कुटुंबाचं घोषणापत्र भरून घेत. पगाराच्या कागदात लोक बायकोचं नाव विसरतील, पासाच्या कागदात सासूसुद्धा नीट लिहितात! त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत बायका फारशा सापडत नाहीत. या हातोडेवाल्या पुरुषांच्या वहीत मात्र त्या सापडतात, कारण त्यांच्यामुळे फी कमी होत होती. तुमच्या पणजोबांच्या आजोबांचं नाव लागलं की या वहीत ते हॅमरमन म्हणून आहेत का बघा, आणि असले तर कोणाच्या हक्कानं आत आले ते आधी वाचा. डंडीच्या शहर अभिलेखागाराला मदत करणाऱ्या मित्रमंडळानं याची सूची केली आहे.

बायबलचं ते चित्राचं पान मोबाइलवर दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता काढून मला पाठवा. शाई पहिल्या पानावरच्या अक्षराचीच आहे का, ते मला बघायचंय.

प्रश्न : सूनबाई ग्लासगोची. तिच्या माहेरच्या आडनावाचा टार्टन (स्कॉट लोकांचं चौकड्यांचं कापड) शोधून लग्नाच्या वाढदिवसाला शाल द्यावी म्हणते. त्यावरून घराणं कळेल ना? (एक सासू, धरमपेठ)

उत्तर : शाल जरूर द्या, घराणं कळणार नाही. काठावरून लुगडं कुठलं ते सांगणाऱ्या बायका आपल्याकडे होत्या, तशी अपेक्षा टार्टनकडून करू नका. आडनावागणिक ठरलेला टार्टन ही बरीचशी एकोणिसाव्या शतकातली हौस. राजा चौथा जॉर्ज 1822 साली एडिनबर्गला गेला तेव्हापासून ती फारच वाढली. सखल भागातल्या पुष्कळ घराण्यांना कधी कुळाचा टार्टन नव्हताच. सुनेला तिच्या आजीचा धंदा विचारा. ग्लासगोची आहे, आजी एखाद्या गिरणीत असेल, आणि ती गोष्ट शालीपेक्षा जास्त टिकेल.

प्रश्न : मी हिस्लॉप कॉलेजचा माजी विद्यार्थी. कॉलेज ज्यांच्या नावानं आहे त्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचा बाप्तिस्मा कुठे शोधायचा?

उत्तर : जन्म 1817, गाव डन्स, परगणा बेरिकशर. म्हणजे 1855 च्या आधीचे, तेव्हा पॅरिश रजिस्टर. तिथे नाव नसेल तर चर्चपासून फुटून निघालेल्या पंथांची रजिस्टरंही उघडा. असे पंथ त्यांच्या जन्माआधीपासून होते. स्वतः हिस्लॉप नागपूरला आले ते 1843 च्या फुटीतून निघालेल्या फ्री चर्चकडून. एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर तुम्ही आठवडा घालवाल. त्या काळी गावाचं इंग्रजी स्पेलिंग शेवटी जास्तीचा ‘ई’ लावून करत, तसंही शोधून बघा.