शेततळ्याच्या नावाने खाण खोदली, दंडाची नोटीस मात्र शेतकऱ्याला

प्रश्न : सिन्नर तालुक्यात माझी अडीच एकर माळजमीन आहे. जवळच्या रस्त्याचं काम घेतलेला ठेकेदार म्हणाला, "शेततळं फुकट खोदून देतो, निघेल तो मुरूम आमचा." लेखी काही केलं नाही. शेततळं राहिलं बाजूला, 25 फूट खोल खड्डा करून तो निघून गेला. आता तहसील कार्यालयाची नोटीस माझ्या नावाने आली आहे : 2,000 ब्रास मुरुमाचा अवैध उपसा, बाजारभावाच्या पाचपट दंड, खुलाशाला सात दिवस. माझे मेव्हणे यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडे असतात. ते म्हणतात, कोळसा खाणीत कंपनीलाच खड्डा बुजवावा लागतो. मग माझा खड्डा कोण बुजवणार आणि दंड मी का भरू?

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी एक सांगते. त्या खड्ड्याला हात लावू नका. पावसाआधी बुजवून मोकळं व्हावं असं कितीही वाटलं तरी थांबा. किती खोदलं आणि कसं खोदलं, याचा तुमच्याकडे उरलेला पुरावा तेवढाच आहे.

जमीन तुमची असली तरी तिच्यातलं खनिज तुमचं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 48 प्रमाणे खनिजाचा हक्क राज्य सरकारचा आहे आणि मुरूम हे गौण खनिज आहे. त्यामुळे "माझ्याच शेतातला मुरूम" हे उत्तर खुलाशात लिहू नका, ते टिकत नाही. बांध घालायला माती काढली हेसुद्धा लिहू नका. ही सबब चालणार नाही असं त्याच कलमात स्पष्ट म्हटलेलं आहे.

पण नोटीस ज्या पोटकलमाखाली काढली आहे, ते 48(7) नीट वाचा. दंड होतो तो अधिकाराशिवाय खनिज काढणाऱ्या, नेणाऱ्या किंवा विल्हेवाट लावणाऱ्या माणसाला. केवळ सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून नव्हे. पंचनाम्यात ठेकेदाराचं नाव नसतं, गट नंबर मात्र असतो, म्हणून नोटीस मालकाच्या दारात येते. नाशिकच्या आसपास रस्त्यांची कामं वाढली तशा या नोटिसा माझ्याकडे सारख्या येत आहेत, आणि दर वेळी तोच माणूस भरडला जातो ज्याच्या हातात एक रुपयाही आलेला नसतो. याची मला चीड येते.

दुसरा मुद्दा एका शब्दाचा आहे. कलमात पाचपट "पर्यंत" असं आहे. पाचपट ही वरची मर्यादा झाली. किती दंड लावायचा याची कारणं आदेशात यायला हवीत, हे खुलाशात मागून घ्या.

आता 2,000 ब्रास आले कुठून ते बघू. खड्डा वर 100 फूट लांब, 80 फूट रुंद आणि 25 फूट खोल आहे असं तुम्ही पत्रात लिहिलंत. गुणाकार केला की 2,00,000 घनफूट, आणि 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे बरोबर 2,000. पण हे खड्ड्याच्या भिंती सरळ उभ्या धरून केलेलं गणित आहे. तुमच्याच सांगण्याप्रमाणे तळाशी खड्डा 70 बाय 50 फूट आहे, कडा उतरत्या आहेत. तो उतार धरला की 1,40,000 घनफूट होतात, म्हणजे 1,400 ब्रास. 600 ब्रासचा फरक, आणि पाचपटीने धरला तर 3,000 ब्रासच्या बाजारभावाएवढी रक्कम. म्हणून तुमच्या समक्ष ईटीएस (इलेक्ट्रॉनिक मोजणी) मशीनने फेरमोजणी करावी, अशी लेखी मागणी करा. खड्डा बुजवू नका म्हणते ते यासाठी.

सात दिवस कमी आहेत, तेव्हा उद्याच मुदतवाढीचा अर्ज द्या. पंचनामा, मोजणीचा तक्ता आणि बाजारभावाचा आधार यांच्या नकला त्यातच मागा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

खुलाशात खरं तेच लिहा. तुम्ही संमती दिली होती हे लपवू नका. ती तुमची कमकुवत बाजू आहे आणि ती आज ना उद्या पुढे येणारच. संमती कशाला दिली होती ते मात्र ठासून लिहा. सरकारच्या 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत सगळ्यात मोठं शेततळंसुद्धा 30 बाय 30 मीटरचं आणि 3 मीटर खोल होतं, म्हणजे साधारण 10 फूट. 25 फूट खोलीला शेततळं कोण म्हणेल? गाड्यांचे नंबर, मोबाइलमधले तारखेचे फोटो, ठेकेदाराचे मेसेज, शेजारच्या दोघांचे जबाब जोडा. त्या रस्त्याचं काम ज्या खात्याचं आहे तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका : किती मुरूम वापरला, कुठून आणला, ठेकेदाराच्या बिलातून स्वामित्वधन (रॉयल्टी) कापलं का? मुरूम कोणी नेला याचं उत्तर बहुतेक त्या बिलांतच सापडेल.

आदेश तरीही विरुद्ध गेला तर कलम 247 खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील आहे. मुदत 60 दिवस. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज हवाच, नाहीतर सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि पीककर्ज अडतं.

मेव्हण्यांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. कोळशाच्या खाणीला केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या ऑगस्ट 2009 च्या मार्गदर्शक सूचनांपासून खाण बंद करण्याचा आराखडा लागतो. त्यासाठी कंपनीला वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, पैसे ठेवावे लागतात. तेव्हाच्या दराने उघड्या खाणीला हेक्टरी 6 लाख रुपये. मात्र 1957 च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखाली घेतलेली जमीन खड्डा बुजला म्हणून आपोआप शेतकऱ्याच्या नावावर परत येत नाही. तुमचं उलटं आहे : जमीन तुमचीच राहिली, पण बुजवायचा पैसा कोणीच बाजूला ठेवलेला नाही. गौण खनिजाच्या नियमांतही खाण बंद करण्याची आणि जमीन पूर्ववत करण्याची तरतूद असावी, असं सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात 27 फेब्रुवारी 2012 रोजी सांगितलं. पण ते बंधन परवानाधारकावर येतं. इथे परवानाच नव्हता.

म्हणून भरावाचा खर्च आणि जमिनीचं नुकसान ठेकेदाराकडून दिवाणी दाव्यात मागायचं. दावा तीन वर्षांच्या आत लावा. "करारच बेकायदा होता" असा बचाव तो घेईल, तेव्हा दाव्याचा पाया ठरल्यापेक्षा जास्त खोदून जमिनीची नासधूस केली हा ठेवावा लागेल. खड्ड्याच्या पाहणीसाठी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यायचा.

तोवर कोणी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची राख फुकट आणून टाकतो म्हणालं तर नाही म्हणा. सखल जागा राखेने भरायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, आणि ती नसली तर दुसरी नोटीसही तुमच्याच नावाने येईल. खड्ड्याभोवती मात्र आजच बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला, तार ओढा, पाटी लावा. पावसात तो 25 फूट भरेल, आणि शेजारची पोरं पाणी दिसलं की पोहायला उतरतात.