टेम्पो भरण्याआधी एक फोन

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे पुराविषयीची पत्रे येऊ लागतात. या वेळी मदत देणाऱ्यांची आणि मदतीची वाट पाहणाऱ्यांची पत्रे जवळजवळ सारख्याच संख्येने आली आहेत, म्हणून दोन्ही बाजूंचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या मंडळाने दोन टेम्पो भरून कपडे, बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्या पाठवल्या. नंतर कळले की कपड्यांचे निम्मे गठ्ठे कोणी उघडलेही नाहीत. आमच्या बहुतेक सभासदांची गावे कोकणातच आहेत, त्यामुळे ही गोष्ट फार मनाला लागली. पुन्हा वेळ आली तर काय पाठवावे?
— मंडळाचे कार्यकर्ते, लालबाग

उत्तर : गठ्ठे उघडले गेले नाहीत यात घेणाऱ्यांचा माज नव्हता आणि तुमचा हेतूही खोटा नव्हता. चुकले ते एवढेच, की काय पाठवायचे हे लालबागमध्ये बसून ठरले.

२२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले आणि उतरताना मागे चिखल सोडून गेले. हा चिखल ओला आहे तोवर फावड्याने निघतो; एकदा का तो वाळला, की फरशीला आणि दुकानांच्या शटरच्या पट्ट्यांत असा धरून बसतो की पहारीशिवाय सुटत नाही. मी तेव्हा एका गटाबरोबर तिथे गेले होते. एका किराणा दुकानदाराच्या ओट्यावर बिस्किटांचे अकरा खोके रचलेले होते आणि तो स्वतः पत्र्याच्या तुकड्याने चिखल ओढत होता, कारण त्याचे फावडे वाहून गेले होते आणि ज्या दुकानात नवे फावडे मिळाले असते ते दुकानही त्याच चिखलात होते. त्या माणसाला त्या दिवशी फावडे, घमेले, खराटा, गमबूट, रबरी हातमोजे आणि त्याच्या बरोबरीने दोन तास राबणारी दोन माणसे हवी होती. वीज नसल्यामुळे गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाला जनरेटरही लागत होता आणि ज्या गटाने हे दोन्ही आणले होते त्याच्यामागे सारी आळी हाका मारत फिरत होती.

चार-सहा दिवसांनी स्थानिक दुकाने उघडू लागली की गणित उलटते. मग मुंबईहून तांदूळ नेणे म्हणजे नुकत्याच उभ्या राहू पाहणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तोडणे असते. तेव्हा त्याच्याच दुकानातून सामान विकत घेऊन वाटावे किंवा कुटुंबांना थेट रोख रक्कम द्यावी. कोणाला गॅसची शेगडी लागते, कोणाला मुलाची पुस्तके, कोणाला रिक्षाच्या इंजिनची दुरुस्ती. हे तुम्हाआम्हाला कळण्याचे कारण नाही आणि त्या घराला ते नेमके ठाऊक असते. रोख दिलेला पैसा उधळला जाईल ही शंका प्रत्येक बैठकीत कोणीतरी काढतोच. ज्या बाईने घरातला चिखल स्वतः उपसला आहे तिला पैशाचे काय करायचे हे शिकवण्याची गरज मला तरी कधी दिसली नाही.

पाण्याच्या बाटल्यांचा हिशेबही करून पाहावा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान मानकांनुसार मदत छावणीत माणशी दिवसाला किमान ३ लिटर पिण्याचे पाणी लागते. एक टन भार वाहणारा टेम्पो बाटल्यांनी पूर्ण भरला तरी ते पाणी सुमारे ३३० माणसांना एक दिवस पुरते आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्यांचा ढीग गटारात जातो. त्याच टेम्पोच्या एका कोपऱ्यात मावतील एवढ्या क्लोरिनच्या गोळ्या, झाकणाची पिंपे आणि नळ असलेल्या कळश्या यांनी पुढचे कितीतरी दिवस निभावतात. टँकरही पोहोचू शकत नाही अशी वाडी असेल तर मात्र बाटल्याच न्याव्यात.

तेव्हा टेम्पो भरण्याआधी एक फोन करावा. तुमच्या मंडळाला ही सोय आयतीच आहे, कारण प्रत्येकाचा कोणी ना कोणी चुलता किंवा मामेभाऊ तिकडे आहे. तसे कोणी नसेल तर त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावून १०७७ या क्रमांकावर तिथल्या जिल्हा नियंत्रण कक्षाशी बोलावे. रस्ता चालू आहे का, माल उतरवून घेऊन वाटणारा माणूस कोण, आणि आज काय संपले आहे, एवढे विचारले तरी बरेचसे ठरून जाते. २०२१ मध्ये वाशिष्ठीवरील पुलाचे नुकसान झाल्याने वाहतूक खोळंबली होती आणि न विचारता निघालेल्या गाड्या वाटेतच अडकून पडल्या होत्या.

कपडे पाठवूच नयेत असे मी म्हणणार नाही. ते धुतलेले, फाटके नसलेले आणि वेगवेगळे बांधलेले असावेत आणि गठ्ठ्यावर बाहेरूनच ‘स्त्रियांचे गाऊन, मध्यम मापाचे, १२ नग’ असे ठळक लिहावे. दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात : नवी अंतर्वस्त्रे आणि सॅनिटरी पॅड. ही मागणी फोनवर कोणी तोंडाने करणार नाही, म्हणून ती न विचारता पाठवावी.

प्रश्न : पूरग्रस्तांसाठी दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळते का?
— निवृत्त बँक कर्मचारी, गिरगाव

उत्तर : जुनी करप्रणाली निवडली असेल तर मिळते, नव्या प्रणालीत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली पूर्ण रक्कम वजावटीस पात्र असते. नोंदणीकृत संस्थांना दिलेल्या देणगीची साधारणपणे निम्मी रक्कम धरली जाते. दोन हजार रुपयांहून अधिक देणगी रोखीने दिल्यास वजावट मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा ऑनलाइन मार्ग वापरावा आणि पावती जपून ठेवावी.

प्रश्न : आम्ही कुर्ल्यात मिठी नदीच्या काठच्या वस्तीत भाड्याने राहतो. मोठ्या पावसात घरात कमरेएवढे पाणी येते आणि पाच-सहा तासांत ओसरते. पंचनामा होईपर्यंत सामान हलवू नका असे शेजारी सांगतात. ते खरे आहे का, आणि सरकारी मदत किती मिळते?
— घरकाम करणारी वाचक, कुर्ला

उत्तर : ओल्या गाद्या आणि कुजणारे धान्य उशाशी ठेवून पंचनाम्याची वाट पाहत बसू नका. आधी मेन स्विच बंद आहे याची खात्री करा. भिंतीतले बोर्ड वाळून वायरमनने पाहिल्याशिवाय तो पुन्हा लावू नका. त्यानंतर मोबाइलवर छायाचित्रे घ्या : दारावरचा खोली क्रमांक, भिंतीवर पाण्याने सोडलेली रेघ आणि तिच्या शेजारी धरलेली मोजपट्टी, मग फ्रिज, गादी, भांडी, धान्याचे डबे, मुलांची दप्तरे अशी एकेक वस्तू. कागदावर वस्तूंची यादी, तारीख आणि वेळ लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. एवढे झाले की घर मोकळे करून धुऊन टाका.

मुंबईत लोकांची फसगत होते ती कार्यालयाच्या बाबतीत. पाणी उपसणे, कचरा उचलणे, निवारा आणि औषध ही कामे महापालिकेची आहेत, त्यासाठी १९१६ हा क्रमांक आहे. नुकसानीचा पंचनामा मात्र महसूल खात्याचा असतो. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत, त्यामुळे तुमचा अर्ज कुर्ल्याच्या तहसीलदार कार्यालयात जायला हवा. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. भाडेकरू असल्याने घराच्या दुरुस्तीची मदत मालकाच्या नावावर जाऊ शकते, पण भांडी, कपडे आणि धान्य तुमचे आहे. त्याची नोंद तुमच्या नावाने व्हावी असा आग्रह धरा.

रकमेबद्दल स्पष्टच लिहिते. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत कुटुंबामागे कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी व घरगुती सामानासाठी २,५०० रुपये आहेत, झोपडीच्या नुकसानीसाठी ८,००० रुपये आहेत. यातली कपड्यांची आणि भांड्यांची मदत घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले तर मिळते. हा दोन दिवसांचा निकष कृष्णा-पंचगंगेच्या संथ पुराला शोभतो, मुंबईच्या पुराला नाही. इथले पाणी पाऊस आणि भरती एकत्र आली की चढते आणि ओहोटी लागली की पडते. कापसाची गादी दोन तास भिजली काय आणि दोन दिवस भिजली काय, ती पुन्हा अंथरता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम ७३; एकाच शहरात एवढी तफावत होते, तिथे सर्वांना एकच मोजपट्टी लावणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही अर्ज जरूर करा, कारण राज्य सरकार मोठ्या आपत्तीत वेगळा निर्णय घेऊन निकषांपेक्षा अधिक रक्कम देऊ शकते. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरानंतर ग्रामीण भागातील कुटुंबांना १० हजार आणि शहरी भागातील कुटुंबांना १५ हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर झाले होते. असा निर्णय झाला की ज्यांचा पंचनामा आधीच नोंदलेला आहे त्यांची नावे यादीत येतात. मागून धावणाऱ्यांना पुरावा गोळा करता करता नाकी नऊ येतात.

कागद भिजले असतील तर ते एकेक सुटे करून सावलीत वाळवा, इस्त्री फिरवू नका. आधार पुन्हा उतरवून घेता येते, शिधापत्रिकेची दुय्यम प्रत शिधावाटप कार्यालयातून मिळते. पुढच्या पावसाआधी सर्व कागदांची छायाचित्रे मोबाइलवर काढून गावाकडच्या एखाद्या नातलगाला पाठवून ठेवा, म्हणजे मोबाइल भिजला तरी ती राहतील.

प्रश्न : पुराच्या पाण्यातून चालत घरी आल्यावर गोळी घ्यावी असे सांगतात. ती कोणती, आणि सर्वांनी घ्यावी का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, घाटकोपर

उत्तर : ही काळजी लेप्टोस्पायरोसिससाठी घ्यायची असते. उंदरांच्या व अन्य प्राण्यांच्या मूत्रातील जिवाणू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या बारीकशा जखमेतून शरीरात शिरतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती. पाण्यातून चालून आल्यापासून ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन दाखवावे. डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. जखम होती की नाही आणि किती वेळ पाण्यात होतात यावर ते मात्रा ठरवतात. गरोदर स्त्रियांना आणि ८ वर्षांखालील मुलांना हे औषध देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरे असते. त्यामुळे शेजाऱ्याच्या घरातली उरलेली पाकिटे वाटून घेण्याचा उद्योग करू नये. गोळी घेतली तरी पुढच्या दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही झाले, तर पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

प्रश्न : अतिवृष्टीत आमच्या शाळेत आसपासच्या कुटुंबांना आणून ठेवतात. तयारीचा निरोप ऐन वेळी येतो. शिक्षक म्हणून आम्ही आधीपासून काय करून ठेवावे?
— शिक्षिका, शीव

उत्तर : सर्वांत आधी वर्ग मोजा. पाण्याच्या हिशेबात वर उल्लेख केलेल्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मानकांत माणशी ३.५ चौरस मीटर छत आणि ३० माणसांमागे एक शौचालय सांगितले आहे. वीस बाय वीस फुटांचा वर्ग म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर, त्यात नियमाने दहाच माणसे मावतात. प्रत्यक्षात तिथे तीस-चाळीस येतील हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण हा आकडा दारावर लिहिलेला असला तर दुसरी शाळाही उघडा, असे अधिकाऱ्यांना सांगताना तुमच्या हातात काहीतरी असते. एक वर्ग केवळ स्त्रियांसाठी आणि बाळंतिणींसाठी ठेवा आणि तो शौचालयाच्या जवळचा, दिवा चालू असलेल्या जिन्याकडचा निवडा.

नाव नोंदवताना ‘औषधे कोणती चालू आहेत?’ हा रकाना अवश्य ठेवा. मधुमेह आणि रक्तदाबाचे लोक बोलतात, क्षयरोगाचे बोलत नाहीत. म्हणून हा प्रश्न चारचौघांत विचारू नका. क्षयाच्या गोळ्या वाहून गेल्या असतील तर त्या पालिकेच्या आरोग्य केंद्रातून पुन्हा मोफत मिळतात आणि त्यात खंड पडू देणे धोक्याचे असते.

बाळांसाठी दुधाच्या भुकटीचे डबे आणि बाटल्या घेऊन कोणी भला माणूस येईल. त्याला नम्रपणे परत पाठवा. अस्वच्छ पाण्यात कालवलेली भुकटी आणि न उकळलेली बाटली तान्ह्या मुलांना जुलाबाकडे नेते, आणि १९९२ च्या कायद्याने असे डबे आणि बाटल्या देणगी म्हणून वाटण्यास बंदीही आहे. त्याऐवजी बाळंतिणीला आडोसा, गरम जेवण आणि भरपूर पाणी मिळेल असे पाहा. ज्या बाळाला खरोखरच वरचे दूध लागते त्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवा. जलसंजीवनीची पाकिटे मात्र जवळ असू द्या. ती संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा घ्यावा.

आणि कुलपे ठेवा, अगदी साधी, किल्ल्यांसकट. २००५ च्या त्या आठवड्यात एका शाळेच्या वऱ्हांड्यात आम्ही खिचडी वाढत होतो आणि एक बाई ताट न घेता तशीच उभी होती. काय हवे म्हणून विचारले तर म्हणाली, “ताई, कुलूप आहे का एखादं? दाराची कडी तुटलीय, म्हणून दोन दिवस आमचे हे घरापाशीच बसून आहेत. कुलूप लावलं की जेवायला येतील.”