वाचकांचे प्रश्न : दारापलीकडचा कोपरा

पोलिसांच्या विशेष पथकाची कारवाई आखण्याच्या गेम्सविषयी या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे ‘डोअर किकर्स’ या एकाच गेमसंबंधी आहेत. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रुमानियातील किलहाउस गेम्स या छोट्या संस्थेने २०१४ मध्ये तो संगणकासाठी आणला. त्यात इमारत छप्पर काढून ठेवल्यासारखी वरून दिसते, प्रत्येक शिपायाचा मार्ग माउसने रेषा ओढून आखायचा असतो, आणि स्पेसबार दाबला की काळ थांबतो व पुन्हा दाबला की चालू लागतो. गोळ्या शिपाई स्वतःच झाडतात. कोणी कुठून जायचे, कुठे नजर ठेवायची आणि कोणासाठी थांबायचे, एवढेच खेळाडूच्या हाती असते.

फोंड्याहून एक वाचक लिहितात : “दार उघडले की माझा पहिला शिपाई हमखास पडतो. त्याला सर्वांत जड चिलखत आणि भारी रायफल देऊनही उपयोग होत नाही. पुढे नक्की कोणाला ठेवावे?”

आपल्या पत्रासोबतचे चित्र पाहिले. अडचण पुढे कोण आहे याची नसून तो कुठून जातो याची आहे. आपण आखलेली रेषा थेट उंबरठ्याच्या मधून खोलीच्या मध्यापर्यंत जाते. दारात उभा राहिलेला माणूस खोलीतल्या प्रत्येक कोपऱ्यातून दिसतो, त्याला मात्र आपल्या नजरेच्या शंकूत येईल तेवढेच दिसते. म्हणजे आपण त्याला सर्वांत वाईट जागी सर्वांत जास्त वेळ उभा करता. त्याऐवजी दार बाजूला उभे राहून उघडावे, आणि मग शिपायाला बाहेरच्या बाहेर, उंबरठ्यापासून थोडे अंतर राखून, अर्धवर्तुळात हळूहळू सरकवावे. असे सरकताना त्याचे तोंड सतत दाराच्या आत राहिले पाहिजे, आणि त्यासाठी माउसचे उजवे बटण दाबून दिशा ओढण्याची सोय आहे. प्रत्येक पावलागणिक खोलीची एक-एक फाक उघडी होत जाते, आणि एका वेळी एकाच माणसाशी गाठ पडते. मोठ्या खोलीतला निम्म्याहून अधिक धोका अशा रीतीने आत पाऊल न टाकता निपटता येतो.

उरतात ते दाराच्या भिंतीला लागून असलेले डावे-उजवे कोपरे, जे बाहेरून कितीही सरकले तरी दिसत नाहीत. त्यांच्यासाठी दोघांनी पाठोपाठ शिरावे. पहिल्याने एका कोपऱ्याकडे वळावे, दुसऱ्याने विरुद्ध बाजूला. या दोघांतील अंतर फार वाढले तर पहिल्याची पाठ उघडी पडते, हे आपल्या चित्रातही दिसते : आपला दुसरा शिपाई अजून मार्गिकेच्या टोकाशीच आहे.

आता शस्त्रांविषयी. जड चिलखताने माणूस मंदावतो, आणि दारात मंदावलेला माणूस हे सोपे लक्ष्य असते. गेममधला पॉइंटमन, म्हणजे आघाडीचा शिपाई, केवळ पिस्तूल घेऊन चालतो, परंतु तो चपळ असतो, म्हणून अरुंद घरात त्यालाच पुढे ठेवावे. असॉल्टर या रायफलधारी शिपायाची रायफल लांब मार्गिका आणि गोदामे यांसाठी राखून ठेवावी. ढाल घेतलेला शिपाई समोरून फार सुरक्षित असतो. पण एकदा खोलीत शिरल्यावर त्याची बाजू कोणी सांभाळली नाही तर त्या ढालीचा काडीचाही उपयोग होत नाही.

म्हापशाच्या एका महाविद्यालयीन वाचकाचा प्रश्न : “दोन दारांतून एकाच क्षणी शिरायचे असते, पण दोन्ही जोड्यांची वेळ कधी जुळत नाही. एक जोडी आत पोहोचते तेव्हा दुसरी वाटेतच असते.”

यासाठी गेममध्ये ए, बी, सी आणि डी असे चार गो-कोड दिलेले आहेत. दोन्ही जोड्यांच्या मार्गावर दाराच्या अलीकडे ‘ए’ची खूण ठेवली की जी जोडी आधी पोहोचेल ती थांबून राहते, आणि आपण ‘ए’ दाबल्यावर दोघी मिळून निघतात. इतके बहुतेकांना ठाऊक असते. चूक पुढे होते. एका दाराला आपण स्फोटक लावता आणि दुसरे लाथेने उघडता, तर दोन्ही कामांना लागणारा वेळ वेगवेगळा असतो आणि एकच कोड देऊनही प्रवेश मागे-पुढे होतो. स्फोटक आधी लावून घ्यावे, त्यानंतर खूण ठेवावी, आणि आत शिरण्याचा कोड तेवढा दोघांना समान द्यावा. फ्लॅशबँगसाठी (प्रखर प्रकाश आणि मोठा आवाज करणाऱ्या हातबॉम्बसाठी) निराळे अक्षर राखून ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण तो फुटल्यानंतर आतले लोक बधिर असण्याचे काही क्षणच मिळतात. फेकणे आणि शिरणे ही दोन्ही कामे एकाच अक्षराला बांधली, तर ते क्षण वापरायचे की नाहीत हे ठरवायला वाव राहत नाही.

याच वाचकाने फ्लॅशबँग प्रत्यक्षात वापरतात का, असेही विचारले आहे. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियाची राजधानी मोगादिशू येथे अपहृत लुफ्थान्सा विमानावर पश्चिम जर्मनीच्या जीएसजी ९ या दहशतवादविरोधी पथकाने कारवाई केली, तेव्हा सोबत आलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांनी हेच साधन पुरवले होते, आणि त्या वेळी विमानात असलेले सर्व ओलीस सुटले. हेतू तेव्हाही हाच होता : समोरच्याला मारणे नव्हे, तर त्याचे डोळे आणि कान क्षणभर निकामी करणे.

संपूर्ण कारवाई एकाच आराखड्यात, मध्ये काहीही न बदलता पार पाडण्याचे जे आव्हान गेममध्ये असते, त्याविषयी अनेकांनी विचारले आहे. माझे मत असे की नव्या नकाशावर त्याच्या नादी लागू नये. पुढच्या बंद दारापर्यंतच आखणी करावी, थांबावे, काय दिसले ते पाहावे आणि मग पुढचे ठरवावे. आतली काही माणसे फिरती असतात, त्यामुळे सुरुवातीलाच आखलेली लांबलचक रेषा तिसऱ्या खोलीपर्यंत जाताना कालबाह्य झालेली असते. नकाशा पाठ झाल्यावर मात्र एकाच आराखड्याची मजा निश्चित घ्यावी.

मडगावहून आलेले पत्र : “ओलीस असलेल्या मोहिमांत मी समोरच्या दारापासून एकेक खोली नीट साफ करत जातो. माझा एकही माणूस जखमी होत नाही, पण ओलिसांपर्यंत पोहोचेपर्यंत ते मारले गेलेले असतात.”

आपली पद्धत इतर मोहिमांसाठी उत्तम आहे, आणि इथे तीच घात करते. समोरच्या खोलीत पहिली गोळी झाडली गेली की तिचा आवाज मागच्या खोलीत पोहोचतो, आणि ओलिसांवर पिस्तूल रोखलेला माणूस आपली वाट पाहत बसत नाही. म्हणून आखणी उलट्या दिशेने करावी. ओलीस कोणत्या खोलीत आहेत हे आधी शोधावे, त्या खोलीला बाहेरून कोणती वाट आहे ते पाहावे, आणि पहिली गोळी त्याच खोलीत झडेल असा बेत करावा. दाराखालून सरकवायचा छोटा कॅमेरा इथे रायफलीपेक्षा जास्त मोलाचा आहे. कुलूप फोडण्याऐवजी लॉकपिकने उघडावे, जरी त्याला वेळ अधिक लागत असला तरी. सायलेन्सर लावलेल्या शस्त्रांचा स्टेल्थ वर्ग खरे तर याच कामासाठी ठेवलेला आहे. तो मिळाला असूनही पुष्कळ खेळाडू त्याला कोपऱ्यात बसवून ठेवतात, याचे मला नेहमी नवल वाटते. समोरच्या दाराकडे दोन माणसे उभी करावीत, पण त्यांनी शिरायची घाई करू नये. ओलिसांची खोली हाती आली की मग उरलेले घर आपल्या नेहमीच्या शांत पद्धतीने साफ करावे.

फोनवर हा गेम चालतो का, असे डिचोलीहून विचारले आहे. चालतो. मात्र लहान पडद्यावर अरुंद खोलीत बोटाने रेषा ओढताना आपलेच बोट दार झाकते, म्हणून शक्य असल्यास टॅबलेट वापरावा.

वास्कोच्या वाचकांचा प्रश्न ‘स्वॅट ४’विषयी आहे : “सगळे गुन्हेगार संपवले, सहकारी सुखरूप आहेत, तरीही मोहीम अयशस्वी दाखवतात. हा गेममधला दोष आहे का?”

दोष नाही, हाच त्या गेमचा कणा आहे. इरॅशनल गेम्सने २००५ मध्ये आणलेला हा गेम शिपायाच्या डोळ्यांतून खेळायचा असतो. आपल्या हाताखाली लाल आणि निळी अशा दोन जोड्या असतात, आणि मोहिमेअंती १०० पैकी गुण मिळतात. सामान्य पातळीवर ५०, कठीण पातळीवर ७५ आणि सर्वोच्च पातळीवर ९५ गुण असल्याखेरीज पुढची मोहीम खुली होत नाही. संशयित दिसला म्हणून गोळी झाडणे इथे गैरवापर ठरतो. आधी ओरडून शरण येण्याचा हुकूम द्यावा लागतो, आणि त्याने शस्त्र आपल्यावर किंवा नागरिकावर रोखले तरच गोळीला मुभा असते. हात वर केलेल्या माणसावर गोळी झाडली तर गुण कापले जातात.

उरलेले गुण आळसामुळे जातात. खोलीतल्या प्रत्येकाला, अगदी रडत बसलेल्या नागरिकालासुद्धा, बेड्या घालाव्या लागतात. त्याची खबर नियंत्रण कक्षाला रेडिओवरून द्यावी लागते, आणि जमिनीवर पडलेले प्रत्येक शस्त्र उचलून ताब्यात घ्यावे लागते. टेबलामागे सरकलेले एखादे पिस्तूल शोधण्यात मोहिमेच्या शेवटी बराच वेळ जातो, आणि मला तो भाग कंटाळवाणा नव्हे तर प्रामाणिक वाटतो. खऱ्या कारवाईनंतरही कोणीतरी हे काम करतच असणार. पुढच्या खेपेस रायफलऐवजी बीनबॅग (सहसा जीव न घेणाऱ्या, छर्‍यांनी भरलेल्या छोट्या पिशव्या) झाडणारी शॉटगन घेऊन पाहा, आणि जे दार तूर्त उघडायचे नाही त्याच्याखाली पाचर ठोका. पाठीमागून कोणी येत नाही याची खात्री असली की ओरडून वाट पाहण्याचा धीर आपोआप येतो.

साखळीहून एका मातेने विचारले आहे की तेरा वर्षांच्या मुलाला यांपैकी काय खेळू द्यावे. ‘स्वॅट ४’ला अमेरिकेतील मानांकन संस्थेने १७ वर्षांपुढील गटात ठेवले आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या ‘रेडी ऑर नॉट’ या अशाच पोलिसी कारवाईच्या गेममध्ये बालशोषण आणि शिक्षणसंस्थेतील गोळीबार असे विषय थेट हाताळलेले आहेत, म्हणून तो घरात आणूच नये. ‘डोअर किकर्स’मधली माणसे वरून पाहिलेल्या सोंगट्यांएवढी असतात. तरीही त्यात माणसे मरतातच, त्यामुळे पहिल्या काही मोहिमा आपण शेजारी बसून पाहाव्यात आणि मग ठरवावे.

शेवटचे पत्र पेडणे तालुक्यातले आहे, आणि या वेळचे सर्वांत रंजकही. या वाचकांनी ‘डोअर किकर्स’च्या नकाशा-संपादकात आपले वडिलोपार्जित घर उभे केले आहे : पुढे वसरी, मध्ये तुळशीवृंदावनासह राजांगण (उघडा चौक), त्याच्या चारही बाजूंनी खांबांची ओसरी, ओसरीवर उघडणारी सहा दारे, मागे रांधप (स्वयंपाकघर) आणि न्हाणी. तक्रार अशी की कोणाही मित्राला चार शिपायांनी हे घर सर करता येत नाही.

आधी खेळणाऱ्यांसाठी सांगतो. राजांगण ओलांडायचेच नाही. त्याच्या मध्यावरचा माणूस सहाही दारांतून दिसतो आणि वृंदावनाचा आडोसा त्यांपैकी फार तर दोन दारांपासून वाचवतो. वसरीतून आत आल्यावर रायफलवाल्याला ओसरीच्या कोपऱ्यातच ठेवावे आणि त्याची नजर समोरच्या तिरक्या कोपऱ्यावर लावावी, कारण चौकातली सर्वांत लांब दृष्टिरेषा कर्णावरच मिळते. दुसऱ्याने भिंत डावीकडे ठेवून ओसरीवरून एकेक दार घ्यावे. दुसरी जोडी रांधपाच्या दाराबाहेर थांबलेली असावी आणि पहिली दोन दारे साफ होताच गो-कोडवर आत यावी. दोन्ही जोड्या मात्र चौकाच्या समोरासमोरच्या बाजूंना एकाच वेळी येऊ देऊ नयेत.

आता आपल्या आराखड्याविषयी. चित्रात रांधपाला बाहेरून दारच दिसत नाही, म्हणजे वर सांगितलेली युक्ती आपल्या घरात आज शक्यच नाही. जुन्या घरांना विहिरीकडे जाणारे मागचे दार असतेच, ते द्यावे. ओसरीवरच्या सहा दारांपैकी दोन दारे माजघरातून आत उघडणारी करावीत, म्हणजे चौकात एकाच वेळी रोखल्या जाणाऱ्या नजरा कमी होतील. खांब थोडे जाड केले तर त्यांचा आडोसा घेता येईल. गेममध्ये एकच मजला असल्यामुळे माळा वगळावा लागेल, आणि चित्रात माळ्यावर दाखवलेला माणूस कोठीच्या खोलीत हलवावा. हे बदल केल्यावर नकाशा स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या वर्कशॉपवर (खेळाडूंनी बनवलेले नकाशे ठेवण्याच्या जागी) ठेवलात तर इतर वाचकांनाही तो खेळता येईल. तेव्हा वर्णनात शिपायांची संख्या चारऐवजी पाच सुचवावी.